रुग्णसेवेचे मोजमाप

कोणत्याही धर्मादाय रुग्णालयाचा वार्षिक अहवाल उघडला की नव्या यंत्रसामग्रीची छायाचित्रे दिसतात, देणगीदारांच्या नामावल्या दिसतात आणि त्यांच्यामागे आकड्यांची कोष्टके येतात. बाह्यरुग्ण विभागात किती रुग्ण आले, किती शस्त्रक्रिया झाल्या, किती प्रसूती झाल्या, हे सारे त्यांत असते. ते असावयासच हवे. महाराष्ट्रातील धर्मादाय रुग्णालयांनी १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी विनामूल्य आणि १० टक्के खाटा दुर्बल घटकांसाठी सवलतीच्या दरात राखून ठेवाव्यात, असा नियम आहे. मुंबई उच्च न्यायालयाच्या आदेशानुसार २००६ पासून त्याची योजना लागू झाली आणि तिचा हिशेब आपण धर्मादाय आयुक्तांना देत असतो. परंतु त्या राखीव खाटेवर आलेल्या रुग्णाचे पुढे काय झाले, तो बरा होऊन घरी गेला का, महिन्याभराने त्याची प्रकृती कशी होती, त्याच्यासाठी जे करावयास हवे होते ते वेळेवर झाले का, या प्रश्नांना या कोष्टकांत जागा नसते.

हे प्रश्न विचारणारी आणि त्यांची उत्तरे मोजून काढणारी एक ज्ञानशाखा आहे. तिला आरोग्यसेवा संशोधन म्हणतात. जगातील मोठ्या विद्यापीठांत सार्वजनिक आरोग्याच्या विद्याशाखेत तिचा स्वतंत्र विभाग असतो. बॉस्टन येथील हार्वर्ड विद्यापीठाच्या अशाच एका विभागात, म्हणजे आरोग्य धोरण व व्यवस्थापन विभागात, गेल्या काही दशकांत जे काम झाले त्याचा धागा दिल्लीतील एका धर्मादाय रुग्णालयापर्यंत आणि उत्तर प्रदेशातील सव्वाशेच्या आसपास प्रसूतिगृहांपर्यंत येऊन पोहोचला आहे. देणगीदार आणि रुग्णांचे नातेवाईक या दोघांनाही त्या कामाची ओळख असावी, म्हणून हा लेख.

वैद्यकीय संशोधन म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर प्रयोगशाळा, सूक्ष्मदर्शक आणि नवे औषध येते. सार्वजनिक आरोग्याचा अभ्यासक प्रयोगशाळेबाहेर पडून कोणत्या वस्तीत कोणता रोग का पसरतो ते पाहतो. आरोग्यसेवा संशोधकाचा प्रश्न ऐकावयास याहून साधा, पण विचारावयास अवघड असतो. जो उपाय सापडलेला आहे, सर्वांस मान्य आहे आणि रुग्णालयाच्या कपाटात उपलब्धही आहे, तो योग्य रुग्णाला योग्य वेळी मिळतो का?

एक उदाहरण पाहू. शस्त्रक्रियेची जखम चिघळू नये यासाठी चीर देण्यापूर्वी साठ मिनिटांच्या आत प्रतिजैविकाची मात्रा द्यावी, हे शास्त्र जुने आहे. फार आधी दिली तर चिरेच्या वेळेपर्यंत रक्तातील औषधाचे प्रमाण उतरलेले असते; चीर दिल्यावर दिली तर जंतूंना मोकळीक मिळून गेलेली असते. औषध महाग नाही आणि ते देण्याचे कौशल्य प्रत्येक परिचारिकेकडे आहे. तरीही आठ देशांतील आठ रुग्णालयांत २००७-०८ मध्ये मोजणी केली गेली, तेव्हा सुमारे ५६ टक्के रुग्णांच्या बाबतीतच हा नियम नीट पाळला गेल्याचे दिसून आले. येथे अज्ञान हे कारण नव्हते. आधीची शस्त्रक्रिया लांबते, रुग्ण बाहेर ताटकळतो, वॉर्डातील परिचारिकेला वाटते की थिएटरमध्ये देतील आणि थिएटरमधील मंडळींना वाटते की वॉर्डात दिले असेल. कोणाचाच हेतू वाईट नसतो आणि कोणीही आपल्या कामात कच्चा नसतो. परंतु जखम चिघळते, पंधरा दिवसांचा मुक्काम महिन्याचा होतो आणि रोजंदारीवर जगणाऱ्या कुटुंबाची घडी विसकटते.

बॉस्टनमधील एक हट्टी शल्यचिकित्सक

या विचाराचा एक उगम त्याच बॉस्टन शहरात शंभरहून अधिक वर्षांपूर्वी सापडतो. अर्नेस्ट कॉडमन हे मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटल या नामांकित रुग्णालयात शल्यचिकित्सक होते आणि हार्वर्डच्या वैद्यकीय विद्यालयात शिकवीत असत. प्रत्येक रुग्णाचे एक कार्ड करावे, त्याला काय झाले होते, काय उपचार केले हे त्यावर लिहावे, वर्षाने त्याला पुन्हा तपासावे आणि उपचार फसला असल्यास तो का फसला हेही लिहावे, असे त्यांचे म्हणणे होते. या पद्धतीला ते ‘अंतिम परिणामा’ची पद्धत म्हणत. रुग्णालयातील बढती ज्येष्ठतेवर न देता अशा परिणामांवर द्यावी, असाही त्यांचा आग्रह होता. तो अर्थातच मानवणारा नव्हता. १९११ मध्ये त्यांनी स्वतःचे छोटे रुग्णालय काढले आणि १९१४ मध्ये मोठ्या रुग्णालयातील पदाचा राजीनामा दिला. १९११ ते १९१६ या काळात त्यांच्या रुग्णालयातून ३३७ रुग्ण घरी गेले. त्यांच्या उपचारांत झालेल्या १२३ चुका त्यांनी नोंदवल्या, त्यांची वर्गवारी केली आणि पदरमोड करून छापल्या.

१९१५ च्या जानेवारीत वैद्यांच्या एका सभेत त्यांनी एक भले मोठे व्यंगचित्र उघडून दाखवले. त्यात शहरातील धनिक वस्ती म्हणजे वाळूत डोके खुपसून बसलेला शहामृग असून तो डॉक्टरांकडे सोन्याची अंडी भिरकावीत आहे, आणि खरा परिणाम लोकांस कळला तर अंडी मिळत राहतील का याची चिंता विद्यापीठाचे अध्यक्ष व रुग्णालयाचे विश्वस्त करीत आहेत, असे दाखवले होते. विश्वस्तांना हा विनोद कितपत रुचला असेल याची कल्पना वाचकांनीच करावी. कॉडमन यांचे विद्यापीठातील पद गेले. १९४० मध्ये ते वारले आणि त्यांच्या थडग्यावर नावाचा दगड बसण्यास पुढे सत्तरहून अधिक वर्षे लागली.

कॉडमन यांच्या हट्टाला शास्त्राचे रूप देण्याचे श्रेय ज्यांच्याकडे जाते त्यांत एव्हेडिस डोनाबेडियन यांचे नाव आघाडीवर आहे. बैरूत येथे जन्मलेल्या आणि अमेरिकेतील मिशिगन विद्यापीठाच्या सार्वजनिक आरोग्य विद्याशाखेत अध्यापन करणाऱ्या या प्राध्यापकांनी १९६६ मध्ये एक दीर्घ निबंध लिहिला. रुग्णसेवेची गुणवत्ता तीन अंगांनी जोखावी असे त्यांनी सांगितले. पहिले अंग रचनेचे, म्हणजे इमारत, खाटा, यंत्रे, मनुष्यबळ. दुसरे प्रक्रियेचे, म्हणजे रुग्णासाठी प्रत्यक्ष काय केले गेले. तिसरे परिणतीचे, म्हणजे रुग्णाचे अखेर काय झाले. आपल्या वार्षिक अहवालातील बहुतेक कोष्टके पहिल्या अंगाची असतात, हे या मांडणीवरून लगेच ध्यानात येते. पहिले अंग मोजणे सोपे असते, कारण खाट जागची हलत नाही. तिसरे मोजावयाचे तर घरी गेलेल्या माणसाचा पत्ता काढावा लागतो.

प्रक्रिया ठिकाणागणिक किती वेगळी असू शकते, हे जॉन वेनबर्ग यांनी १९७३ मध्ये अमेरिकेतील व्हर्मॉन्ट या लहानशा राज्यात दाखवून दिले. राज्यातील एका भागात दर दहा हजार लोकसंख्येमागे घशातील गाठी, म्हणजे टॉन्सिल, काढण्याच्या १३ शस्त्रक्रिया होत होत्या आणि दुसऱ्या भागात १५१. दोन्हीकडील मुलांचे घसे काही इतके निराळे नसावेत. निराळी होती ती तेथील डॉक्टरांची रीत.

पुढे हार्वर्डच्या संशोधकांनी न्यूयॉर्क राज्यातील ५१ रुग्णालयांतील १९८४ या वर्षाचे तीस हजारांहून अधिक केसपेपर एकेक करून तपासले. १९९१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात असे आढळले की दाखल झालेल्या रुग्णांपैकी ३.७ टक्के जणांना आजारामुळे नव्हे तर उपचारांमुळे इजा झाली होती. या अभ्यासातील एक संशोधक डॉ. लुसियन लीप हे मूळचे बालशल्यचिकित्सक. अशा घटनांचा दोष एकेका व्यक्तीवर ठेवून भागणार नाही, काम ज्या पद्धतीने बांधलेले असते ती पद्धतच सुधारावी लागेल, ही भूमिका त्यांनी पुढे आयुष्यभर मांडली. ‘कोणी चूक केली’ या प्रश्नाऐवजी ‘ही चूक होऊ कशी शकली’ असा प्रश्न रुग्णालयांत विचारला जाऊ लागला, त्यामागे या अभ्यासाचा मोठा वाटा आहे.

एकोणीस बाबींची सूची

याच विद्याशाखेतील दुसरे एक शल्यचिकित्सक डॉ. अतुल गवांदे यांचे नाव मराठी वाचकांस अपरिचित नसावे. त्यांचा जन्म अमेरिकेतला. पण वडील डॉ. आत्माराम गवांदे हे यवतमाळ जिल्ह्यातील उटी या गावचे. शस्त्रक्रियांमधील मृत्यू कमी करण्याचे एक अभियान जागतिक आरोग्य संघटनेने हाती घेतले आणि त्याचे नेतृत्व अतुल गवांदे यांच्याकडे आले. जगात वर्षाकाठी सुमारे २३.४ कोटी मोठ्या शस्त्रक्रिया होतात, असा अंदाज त्यांच्याच गटाने २००८ मध्ये मांडला होता. एवढ्या प्रचंड संख्येत मृत्यूचे प्रमाण किंचित जरी घटले तरी वाचणाऱ्या जिवांची संख्या लाखांत जाते.

उपाय म्हणून त्यांनी जे पुढे आणले ते कोणतेही यंत्र नव्हते. विमान उड्डाणापूर्वी वैमानिक एक यादी वाचून प्रत्येक बाब पडताळून पाहतो. त्याच धर्तीवर एकोणीस बाबींची, एका पानावर मावणारी पडताळणी-सूची तयार झाली. शस्त्रक्रियेच्या ओघात तीन ठिकाणी सर्वांनी क्षणभर थांबावयाचे आणि ती मोठ्याने वाचावयाची.

पहिला थांबा भूल देण्यापूर्वीचा. रुग्ण शुद्धीवर असतो, म्हणून त्यालाच नाव, शस्त्रक्रिया आणि शरीराची बाजू विचारली जाते. संमतीपत्र पाहिले जाते. बोटाला पल्स ऑक्सिमीटर लावून तो चालतो आहे याची खात्री केली जाते. कोणत्या औषधाची ॲलर्जी आहे का, श्वासनलिकेत नळी घालणे कठीण जाईल का, रक्तस्राव अर्ध्या लिटरहून अधिक होण्याचा संभव आहे का, हे पाहिले जाते. दुसरा थांबा चीर देण्यापूर्वीचा. खोलीतील प्रत्येकाने आपले नाव व काम सांगावयाचे, रुग्ण व शस्त्रक्रिया यांची पुन्हा खात्री करावयाची, प्रतिजैविक गेल्या तासाभरात दिले का ते विचारावयाचे, आणि कोणती अडचण येऊ शकते ते शल्यचिकित्सक, भूलतज्ज्ञ व परिचारिका यांनी एकमेकांस सांगावयाचे. तिसरा थांबा रुग्ण खोलीबाहेर जाण्यापूर्वीचा. त्यात हत्यारे, सुया आणि मॉप मोजले जातात आणि तपासणीसाठी काढलेल्या नमुन्यावर योग्य नाव लिहिले आहे ना हे पाहिले जाते.

स्वतःचे नाव सांगण्याची बाब अनेकांस हास्यास्पद वाटली. रोज एकत्र काम करणाऱ्यांनी काय ओळख करून द्यावयाची? परंतु शस्त्रक्रियागृहातील सर्वांत कनिष्ठ परिचारिकेने एकदा सर्वांसमक्ष तोंड उघडले असेल, तर पुढे काही चुकते आहे असे दिसल्यास बोलण्याचा तिचा संकोच कमी होतो, असा त्यामागे विचार आहे. आपल्याकडे, जेथे मोठ्या डॉक्टरांना थांबा म्हणणे हा उद्धटपणा मानला जातो, तेथे या बाबीचे मोल अधिकच आहे असे वाटते.

सूचीची परीक्षा आठ शहरांत झाली : टोरांटो, सिॲटल, लंडन, ऑकलंड, अम्मान, मनिला, टांझानियातील इफाकारा आणि नवी दिल्ली. दिल्लीतील रुग्णालय होते सेंट स्टीफन्स, म्हणजे आपल्यासारखेच धर्मादाय. ऑक्टोबर २००७ ते सप्टेंबर २००८ या काळात सूची येण्यापूर्वीचे ३,७३३ रुग्ण आणि ती आल्यानंतरचे ३,९५५ रुग्ण यांची तुलना करण्यात आली. रुग्ण घरी जाईपर्यंत किंवा जास्तीत जास्त तीस दिवस त्यांच्यावर लक्ष ठेवण्यात आले. मृत्यूचे प्रमाण १.५ टक्क्यांवरून ०.८ टक्क्यांवर आणि गुंतागुंतीचे प्रमाण ११ टक्क्यांवरून ७ टक्क्यांवर आले. प्रतिजैविक नियमानुसार मिळणाऱ्यांचे प्रमाण ५६ वरून ८३ टक्क्यांच्या जवळ गेले. हे निष्कर्ष जानेवारी २००९ मध्ये प्रसिद्ध झाले.

त्याच प्रयोगात शस्त्रक्रियागृहातील कर्मचाऱ्यांचे मतही विचारण्यात आले. काहींनी ही सूची वेळखाऊ ठरवली. पण उद्या तुमच्यावरच शस्त्रक्रिया करावयाची झाली तर सूची वापरावी का, असे विचारल्यावर ९३ टक्के जणांनी होय म्हटले.

शंका, आणि तिची उत्तरे

येथे थांबून सूचीची पोवाडे गाणे सोपे होते. विद्यापीठाच्या विभागाचे खरे काम येथून पुढे सुरू होते, कारण ‘आधी’ आणि ‘नंतर’ यांच्या तुलनेत अनेक फसवे दरवाजे असतात. आपल्यावर कोणी लक्ष ठेवून आहे हे कळले की माणसे तेवढ्यापुरती नीट वागतात. शिवाय संख्या लहान असेल तर निव्वळ योगायोगानेही प्रमाण खालीवर होते. एखाद्या रुग्णालयात गेल्या वर्षी दोनशे शस्त्रक्रियांमागे तीन मृत्यू झाले आणि यंदा एक झाला, तर प्रमाण १.५ टक्क्यांवरून अर्ध्या टक्क्यावर आले असे अहवालात अभिमानाने छापता येईल. पण पुढील वर्षी काहीही न बदलता ते पुन्हा तीन होऊ शकतात. म्हणूनच एकट्यादुकट्या लहान रुग्णालयाच्या आकड्यांवरून घाईने निष्कर्ष काढू नयेत आणि म्हणूनच अनेक रुग्णालयांचे आकडे एकत्र करणारी संस्था लागते.

दोन रुग्णालयांची तुलना तर त्याहून निसरडी. ज्या धर्मादाय रुग्णालयात आसपासच्या तालुक्यांतून शेवटच्या घटकेला आणलेले रुग्ण येतात, तेथील मृत्यूचे प्रमाण केवळ ठरवून केलेल्या शस्त्रक्रिया करणाऱ्या इस्पितळापेक्षा अधिक असणारच. रुग्णाचे वय, आजाराची तीव्रता, मधुमेह वा हृदयविकार यांचा हिशेब करून मगच तुलना करावयाची असते. हे गणित किचकट आहे. ते न करता छापलेले क्रमांक पाहून रुग्णालय निवडणाऱ्या नातेवाइकांनी एवढे ध्यानात ठेवावे.

सूचीविषयीची शंका प्रत्यक्षात उभी राहिली ती कॅनडात. ऑन्टॅरिओ प्रांतातील रुग्णालयांना २०१० पासून सूचीच्या वापराचा अहवाल देणे सक्तीचे झाले. तेथील १०१ रुग्णालयांचा अभ्यास २०१४ मध्ये प्रसिद्ध झाला. सूची वापरल्याचे प्रमाण जवळपास सर्वत्र नव्वद टक्क्यांच्या वर दाखवलेले होते. मृत्यूचे प्रमाण मात्र ०.७१ टक्क्यांवरून ०.६५ टक्क्यांवर, म्हणजे योगायोगापासून वेगळे काढता येऊ नये इतकेच, घटले होते. गुंतागुंतीत तर नाव घेण्याजोगा फरक नव्हता. कागदावर खुणा झाल्या होत्या. खोलीतील माणसे खरोखर थांबली होती की नाही, ते कागद सांगू शकत नव्हता.

याच्या उलट अनुभव अमेरिकेतील साउथ कॅरोलायना राज्यात आला. तेथे हार्वर्डच्या गटाने राज्यातील रुग्णालयांच्या संघटनेबरोबर काही वर्षे काम केले. सक्ती नव्हती, प्रत्येक रुग्णालयाने सूची आपल्या सोयीने बदलून घ्यावी, शल्यचिकित्सकांनी स्वतः पुढाकार घ्यावा आणि आधी आपापसांत सराव करावा, अशी रीत ठेवली होती. ज्या १४ रुग्णालयांनी हा कार्यक्रम तडीस नेला, तेथे शस्त्रक्रियेनंतर तीस दिवसांत होणाऱ्या मृत्यूंचे प्रमाण २०१० मधील ३.३८ टक्क्यांवरून २०१३ मध्ये २.८४ टक्क्यांवर आले. उर्वरित रुग्णालयांत ते ३.५० वरून ३.७१ झाले. जी रुग्णालये स्वखुशीने पुढे आली ती मुळातच अधिक जागरूक असतील, हा आक्षेप येथेही घेता येतो आणि तो घेतला पाहिजे. तरी या आणि ऑन्टॅरिओच्या अनुभवांतील अंतर बोलके आहे.

उत्तर प्रदेशातील प्रसूतिगृहे

भारताच्या दृष्टीने या विभागाचे सर्वांत महत्त्वाचे काम मात्र शस्त्रक्रियेचे नसून बाळंतपणाचे आहे. २००५ मध्ये जननी सुरक्षा योजना सुरू झाली आणि गरीब घरांतील स्त्रिया प्रसूतीसाठी सरकारी केंद्रांत येऊ लागल्या. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार देशात संस्थेत होणाऱ्या प्रसूतींचे प्रमाण २००५-०६ मधील ३८.७ टक्क्यांवरून २०१५-१६ मध्ये ७८.९ टक्क्यांवर गेले. दहा वर्षांतील ही वाढ थक्क करणारी आहे. पण घरातील खाटेवरची बाई रुग्णालयाच्या टेबलावर आली म्हणजे तिला सुरक्षित बाळंतपण मिळालेच, असे नाही. डोनाबेडियन यांच्या भाषेत सांगावयाचे तर रचना मिळाली होती, प्रक्रिया व परिणती यांची खात्री नव्हती.

जागतिक आरोग्य संघटनेने प्रसूतीसाठीही २८ बाबींची सूची तयार केली होती : हात धुणे, मातेचा रक्तदाब व ताप पाहणे, बाळ येताच मातेला रक्तस्राव रोखणारे ऑक्सिटोसिन देणे, बाळाला मातेच्या अंगाशी ठेवणे, जवळ श्वास देण्याची पिशवी तयार ठेवणे, अशा प्रकारच्या. हार्वर्डशी संलग्न गटाने भारतीय संस्थांच्या सहकार्याने उत्तर प्रदेशातील २४ जिल्ह्यांत १२० आरोग्यकेंद्रे निवडली. सारख्या केंद्रांच्या साठ जोड्या लावून प्रत्येक जोडीत एका केंद्राला चिठ्ठी टाकून सूची व मार्गदर्शन दिले, दुसरे नेहमीप्रमाणे चालू ठेवले. चिठ्ठी टाकण्याचे कारण असे, की संशोधकाने स्वतः केंद्रे निवडली तर नकळत चांगलीच केंद्रे सूचीच्या बाजूला जातात. मार्गदर्शनासाठी प्रशिक्षित परिचारिका आठ महिने केंद्रावर जाऊन बसत. आधी वारंवार, मग हळूहळू कमी. दरडावणे नाही, तपासणी अधिकाऱ्याचा तोरा नाही. शेजारी उभे राहून, काय अडले ते विचारून, पुन्हा करून दाखवणे.

दीड लाखाहून अधिक, नेमके सांगावयाचे तर १,५७,१४५ माता व बाळे यांची सातव्या दिवसापर्यंतची खबर घेण्यात आली, नोंदलेल्यांपैकी ९९.७ टक्के. बाळंतपण होऊन खेड्यापाड्यांत परतलेल्या एवढ्या स्त्रियांना आठवड्याभरात गाठणे हे काम किती कष्टाचे आहे, ते आपल्या समाजसेवा विभागातील भगिनींना विचारावे.

निष्कर्ष डिसेंबर २०१७ मध्ये प्रसिद्ध झाले. ज्या केंद्रांत मार्गदर्शन होते तेथे दोन महिन्यांनी आवश्यक कृतींपैकी सरासरी ७३ टक्के पार पाडल्या जात होत्या. इतरत्र ४२ टक्के. मार्गदर्शन संपल्यावर, बाराव्या महिन्यात, पहिला आकडा ६२ वर उतरला होता. आणि मुख्य प्रश्न, म्हणजे मातामृत्यू, बालमृत्यू व मातेची गंभीर गुंतागुंत यांचे एकत्रित प्रमाण : एका बाजूस १५.१ टक्के, दुसऱ्या बाजूस १५.३ टक्के. म्हणजे फरक नाही.

इतकी वर्षे, इतका पैसा आणि इतके श्रम खर्चून हाती हे यावे, हे निराशाजनक वाटेल. तरी माझ्या मते या विभागाचे मोठेपण या आकड्यांत अधिक दिसते, कारण ते दडवले गेले नाहीत. ज्यांनी सूची लिहिली त्यांनीच ती येथे पुरेशी ठरली नाही हे जगाला सांगितले. अपयशाची कारणेही त्यांनी मांडली. अडलेल्या बाळंतिणीसाठी सिझेरियनची सोय जवळ नसेल, रक्त मिळत नसेल, निळ्या पडलेल्या बाळाला श्वास देण्याचा हात बसलेला नसेल, वरच्या रुग्णालयात पाठवण्याची व्यवस्था डळमळीत असेल, तर हात धुणे आणि रक्तदाब पाहणे यांनी परिचारिका सजग होते, पण पुढे काय करावे याचे उत्तर तिच्याकडे नसते. सूची आठवण करून देते. नसलेले कौशल्य आणि नसलेले रक्त ती आणून देऊ शकत नाही. केंद्र सरकारच्या २०१७ च्या ‘लक्ष्य’ कार्यक्रमात प्रसूतिगृहातील कृतींबरोबर सामग्री, मनुष्यबळ आणि पुढे पाठवण्याची सोय यांकडेही पाहिले जाते, ते योग्यच आहे.

आपल्या रुग्णालयापुरते

देणगी देताना यंत्राला नाव लागते, खोलीला फलक लागतो. केसपेपर नीट लावणाऱ्या लिपिकाच्या पगाराला कोणी फलक लावत नाही. हा कोणाचा दोष नव्हे, ती माणसाची रीत आहे. तथापि वरील सर्व हकिकतीत जे काम झाले ते मुख्यतः अशाच माणसांनी केले : केसपेपर वाचणाऱ्यांनी, दूरध्वनी करणाऱ्यांनी, शस्त्रक्रियागृहाच्या कोपऱ्यात वही घेऊन उभे राहणाऱ्यांनी. वैद्यकीय अभिलेख विभागासाठी एखादी कायम ठेव असावी, ही सूचना विश्वस्त मंडळाने विचारात घ्यावी असे सुचवावेसे वाटते. पल्स ऑक्सिमीटर एकदा घेतला की काही वर्षे चालतो. नोंद मात्र रोज करावी लागते.

आपल्या शस्त्रक्रियागृहातही ही सूची भिंतीवर लावलेली आहे. ऑन्टॅरिओचा अनुभव ध्यानी घेता, ती किती केसपेपरांवर भरलेली आढळली याची टक्केवारी अहवालात छापण्यात फारसा अर्थ नाही. त्यापेक्षा महिन्यातून काही शस्त्रक्रियांच्या वेळी दुसऱ्या विभागातील एखाद्या ज्येष्ठ परिचारिकेने उभे राहून तिन्ही थांबे झाले का ते पाहावे, आणि मृत्यू व गुंतागुंत यांच्या मासिक बैठकीत तिचे म्हणणे आधी ऐकावे. हे काम बिनपैशाचे आहे, पण बिनकष्टाचे नाही. ज्येष्ठ शल्यचिकित्सकांनी पहिल्या दिवशी स्वतःचे नाव मोठ्याने सांगितले तरच ते टिकते.

रुग्णांच्या नातेवाइकांना यातील काही गोष्टी चमत्कारिक वाटतात. रात्री भरती करताना नाव सांगितले, सकाळी वॉर्डात सांगितले, तरी थिएटरच्या दारात पुन्हा विचारतात. डाव्या गुडघ्यावर शाईने खूण करतात. हे डॉक्टर आपल्याला ओळखतच नाहीत की काय, असा संशय येतो. ओळखत असूनही विचारावयाचे, असाच नियम आहे. उत्तर रुग्णाने स्वतः द्यावे. नातेवाइकांनी त्याच्या वतीने मान डोलावू नये. पूर्वी एखाद्या औषधाने अंगावर पुरळ उठले असल्यास किंवा दम लागला असल्यास, औषधाचे नाव आठवत नसले तरी ती गोष्ट सांगावी, आणि जुनी चिठ्ठी असल्यास सोबत आणावी.

डिस्चार्ज मिळाल्यानंतर साधारण तीस दिवसांनी रुग्णालयातून एक दूरध्वनी येईल. तो बिलाच्या बाकीसाठी नसतो आणि देणगीसाठीही नसतो. जखम कोरडी आहे का, ताप येऊन गेला का, दुसऱ्या डॉक्टरांकडे जावे लागले का, एवढेच विचारले जाते. दुसरीकडे गेलो हे सांगितले तर येथील डॉक्टर रागावतील, या भीतीने पुष्कळजण ‘सगळे ठीक आहे’ म्हणून फोन ठेवतात. तसे करू नये. घरात ज्या व्यक्तीने जखमेची पट्टी बदलली तिलाच शक्यतो बोलू द्यावे, आणि रुग्ण दगावला असेल तर तेही, मन घट्ट करून, सांगावे. ती नोंदही आम्हांस हवी असते.